विश्लेषण: ४ कोटी डॉलरचा मॅनेजर आणूनही शिकागो कब्स ८३ विजयांवरच का थांबले?

नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेतील शिकागो कब्स या बेसबॉल संघाने क्रेग काउन्सेल यांना मॅनेजर म्हणून नेमले. करार पाच वर्षांचा, रक्कम ४ कोटी डॉलरहून अधिक. त्या वेळच्या दराने सुमारे ३३० कोटी रुपये. तोवर कुठल्याही बेसबॉल मॅनेजरला इतके पैसे मिळाले नव्हते. आदल्या हंगामात कब्सने ८३ सामने जिंकले होते आणि ७९ गमावले होते. काउन्सेल आल्यानंतर पहिल्या हंगामाचा निकाल होता ८३ विजय आणि ७९ पराभव. ज्या संघातून ते आले, त्या मिल्वॉकी ब्रुअर्सने मात्र घरातल्याच सहायकाला बढती दिली आणि विभागाचे विजेतेपद राखले. २०२५चा हंगाम संपल्यावर मेजर लीग बेसबॉलमधील (एमएलबी) अनेक संघांनी मॅनेजर बदलले. या निवडी कशा होतात आणि त्यांचे मोल किती, हे समजून घेण्यासाठी कब्स-ब्रुअर्सचे प्रकरण उपयोगी ठरते.

मॅनेजर म्हणजे नेमके कोण?

क्रिकेटमध्ये संघाचा मॅनेजर म्हटले की प्रवास, हॉटेल, सरावाच्या वेळा पाहणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. बेसबॉलमध्ये तसे नाही. तिथे मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक आणि बऱ्याच अंशी कर्णधारही. फलंदाजीचा क्रम ठरवणे, दमलेल्या पिचरला कधी बाहेर काढायचे आणि त्याच्या जागी कुणाला आणायचे, ऐनवेळी कुठला फलंदाज बदलायचा, हे निर्णय तो घेतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजी बदलण्याचा निर्णय मैदानातला कर्णधार घेतो. बेसबॉलमध्ये तो डगआऊटमध्ये बसलेला मॅनेजर घेतो, तोही खेळाडूंसारखाच संघाचा गणवेश घालून. साखळी फेरीत प्रत्येक संघ साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळपास रोज सामना आणि रोज पत्रकारांपुढे निर्णयांचा हिशेब.

मात्र, खेळाडू विकत घेणे, विकणे, त्यांचे करार ठरवणे हे काम मॅनेजरचे नसते. ते त्याच्या वरच्या व्यवस्थापनाचे, म्हणजे जनरल मॅनेजर किंवा ‘बेसबॉल ऑपरेशन्स’च्या अध्यक्षांचे. मॅनेजरची निवडही हीच मंडळी करतात.

निवड कशी होते?

जागा रिकामी झाली की व्यवस्थापन यादी तयार करते. त्यात अनुभवी मॅनेजर, इतर संघांतील सहायक प्रशिक्षक, माजी खेळाडू असे सारे असतात. उमेदवार दुसऱ्या संघाच्या करारात असेल तर त्या संघाची परवानगी लागते. अशा वरिष्ठ पदांसाठी अल्पसंख्याक समाजातील उमेदवारांचाही विचार करावा, असा नियम १९९९मध्ये तत्कालीन आयुक्त बड सेलिग यांनी घातला होता.

मग मुलाखतींच्या फेऱ्या होतात. खेळाडू म्हणून नाव मोठे असले की मॅनेजरपद मिळायचे, तो काळ मागे पडला. आता समोर सामन्यातला प्रसंग ठेवून ‘इथे काय कराल’ असे विचारले जाते. संघाचा आकडेवारी विभाग जी माहिती देतो ती उमेदवार कशी वापरेल, २६ खेळाडूंना कसे सांभाळेल, पराभवानंतर माध्यमांशी कसे बोलेल, हे तपासले जाते. अनुभव नसला तरी दार बंद होत नाही. न्यूयॉर्क यँकीजने २०१७च्या अखेरीस ॲरन बून यांना निवडले, तेव्हा त्यांना प्रशिक्षकपदाचाही अनुभव नव्हता.

कब्सने काय केले?

कब्सकडे तेव्हा डेव्हिड रॉस मॅनेजर होते. १०८ वर्षांचा दुष्काळ संपवणाऱ्या २०१६च्या विजेत्या कब्स संघातले ते कॅचर, त्यामुळे चाहत्यांचे लाडके. २०२३मध्ये संघ अखेरच्या टप्प्यात घसरला आणि अवघ्या एका विजयाने बाद फेरीला मुकला. तरीही रॉस यांचा करार शिल्लक होता आणि त्यांचे पद जाईल अशी फारशी चर्चा नव्हती.

त्याच वेळी काउन्सेल यांचा ब्रुअर्सशी असलेला करार संपला. परवानगीचा प्रश्न उरला नाही. न्यूयॉर्क मेट्सही त्यांच्या मागे होते. कब्सचे अध्यक्ष जेड हॉयर यांनी रॉस पदावर असतानाच काउन्सेल यांच्याशी बोलणी केली आणि ६ नोव्हेंबर २०२३ रोजी एकाच दिवशी दोन्ही बातम्या आल्या. रॉस यांना डच्चू, काउन्सेल यांची नेमणूक.

काउन्सेल यांच्यासाठी इतकी किंमत का?

मिल्वॉकी ही एमएलबीतील सर्वांत लहान बाजारपेठांपैकी एक. प्रेक्षक आणि प्रसारणाचे उत्पन्न कमी, त्यामुळे खेळाडूंवरचा खर्चही बेताचा. अशा संघाला काउन्सेल यांनी शेवटच्या सहा हंगामांत पाच वेळा बाद फेरीत नेले. ब्रुअर्ससाठी ७०७ विजय मिळवणारे ते संघाचे सर्वांत यशस्वी मॅनेजर. कब्सचा हिशेब सरळ होता. कमी पैशांत जो इतके करतो, तो आपल्या पैशांत किती करेल?

मिल्वॉकीत याचे पडसाद कडवट उमटले. काउन्सेल त्याच परिसरात वाढलेले, ब्रुअर्सकडून खेळलेले. शिकागो जेमतेम १५० किलोमीटरवर आणि हाडवैरी. मे २०२४मध्ये ते कब्सचा गणवेश घालून मिल्वॉकीत परतले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. गुजरात सोडून मुंबई इंडियन्सचा कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याने त्याच सुमारास वानखेडेवर हाच अनुभव घेतला होता.

ब्रुअर्सने कुणाला निवडले?

ब्रुअर्सने बाहेर मोठे नाव शोधले नाही. आठ वर्षे काउन्सेल यांच्या शेजारी बसणारे सहायक पॅट मर्फी यांना त्यांनी बढती दिली. मर्फी तेव्हा ६४ वर्षांचे होते. त्यांची बहुतेक कारकीर्द विद्यापीठांच्या संघांत गेलेली. नोत्र दाम विद्यापीठात तर खुद्द काउन्सेल त्यांचे विद्यार्थी होते. एमएलबीत मॅनेजर म्हणून त्यांच्या नावावर २०१५मधील सॅन दिएगो पाद्रेसचा हंगामी कार्यभार तेवढा होता.

त्यात हंगामापूर्वी ब्रुअर्सने आपला सर्वोत्तम पिचर कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोरला देऊन टाकला. दुसरा प्रमुख पिचर ब्रँडन वूड्रफ शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर होता. तरीही २०२४मध्ये ब्रुअर्सने ९३ सामने जिंकले, कब्सपेक्षा १० जास्त. २०२५मध्ये ब्रुअर्सचे ९७ विजय एमएलबीत सर्वाधिक ठरले. कब्सही ९२ विजयांसह सुधारले, पण बाद फेरीत दोघे आमनेसामने आले तेव्हा ब्रुअर्सने मालिका ३-२ने जिंकली. नॅशनल लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा पुरस्कार मर्फी यांना दोन्ही वर्षी मिळाला. ब्रुअर्समधील नऊ हंगामांत काउन्सेल यांना तो एकदाही मिळाला नव्हता.

मग कब्सची निवड चुकली का?

इतका सोपा निष्कर्ष काढता येत नाही. फलंदाजाची सरासरी मोजता येते, मॅनेजरची मोजणे अवघड. २०२५मध्ये कब्स सुधारले ते काउन्सेल यांच्यामुळे, की त्या हंगामासाठी आणलेल्या काइल टकरसारख्या खेळाडूंमुळे, हे वेगळे काढता येत नाही. तोच न्याय मर्फी यांनाही लागू होतो.

पण एक गोष्ट या प्रकरणातून दिसते. काउन्सेल यांच्या नावावर जमा असलेल्या विजयांमागे ब्रुअर्सची यंत्रणाही होती. तरुण पिचर घडवणारे प्रशिक्षक, स्वस्तात चांगले खेळाडू हेरणारी माणसे, आकडेवारीचा विभाग. कब्सने मॅनेजर आणला, ती यंत्रणा मिल्वॉकीतच राहिली. मर्फी यांना ती आतून माहीत होती, त्यामुळे घडी मोडली नाही.

पुढे काय?

मॅनेजरांना या कराराचा फायदाच झाला. मार्च २०२५मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने डेव्ह रॉबर्ट्स यांना चार वर्षांसाठी ३.२४ कोटी डॉलर दिले. वार्षिक सरासरीत हा करार काउन्सेल यांच्याही पुढे गेला. पण सगळेच संघ पैशाच्या वाटेने गेले नाहीत. २०२५च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक टोनी व्हिटेलो यांना थेट मॅनेजर केले. व्यावसायिक बेसबॉलचा कुठलाही अनुभव नसताना विद्यापीठातून थेट या पदावर आलेले ते पहिलेच. वॉशिंग्टन नॅशनल्सने तर अवघ्या ३३ वर्षांच्या ब्लेक ब्युटेरा यांच्यावर विश्वास टाकला.

या नव्या मॅनेजरांना यश आले नाही, तर रॉस यांच्याप्रमाणे करार शिल्लक असतानाही त्यांचे पद जाऊ शकते. काउन्सेल यांचा कब्सशी करार २०२८च्या हंगामापर्यंत आहे. पैसे वसूल झाले का, याचा हिशेब तोवर दर ऑक्टोबरमध्ये मांडला जाईल.