ग्लुटेन : स्वरूप, विकार आणि आपले कर्तव्य

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी सर्वपरिचित आहे. १९८९-९० पासून श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे पाणलोटाची कामे झाली. तत्पूर्वी या अवर्षणप्रवण पट्ट्याचे मुख्य अन्न बाजरी व ज्वारी हेच होते. पाणी आले तसा गहूही शेतात व ताटात आला. बहुसंख्यांचे त्याने पोषणच केले. परंतु ज्या थोड्यांना तो सोसत नाही, त्यांना वेळीच ओळखणे हे आपले कर्तव्य आहे.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हाची कणीक मळताना येणारा चिवटपणा ग्लायाडिन व ग्लुटेनिन या प्रथिनांमुळे येतो. त्यांनाच एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. यव म्हणजे सातू, तसेच राय यांतही तत्सम प्रथिने असतात. बाजरी, ज्वारी, नाचणी, मका व तांदूळ यांत ती नसतात. म्हणूनच भाकरी थापावी लागते, पोळीसारखी सहज लाटता येत नाही.

आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींत ग्लुटेनमुळे रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. तेथील अंकुर झिजतात व पोषकद्रव्यांचे शोषण घटते. हाच सिलिअॅक विकार होय. जुनाट अतिसार, आध्मान, लोहकल्पांना दाद न देणारा पांडू, बालकांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या विकाराशी निगडित प्रतिपिंडे उत्तर भारतात सुमारे १.२ टक्के, तर दक्षिणेत ०.१ टक्का व्यक्तींत आढळली. तेव्हा सर्वांनीच गहू सोडावा, असा याचा अर्थ नव्हे.

चिकित्सकांसाठी

ही लक्षणे ग्रहणीशी जुळतात. तथापि प्रत्येक ग्रहणी सिलिअॅक नव्हे. येथे एक चूक वारंवार संभवते. पथ्य म्हणून आपण प्रथम गहू बंद करतो, रुग्णास बरे वाटते आणि नंतर केलेली तपासणी निर्दोष येते. रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी व आवश्यक तेथे आतड्याची बायोप्सी गहू आहारात असतानाच करावी. निदान निश्चित झाल्यास निदानपरिवर्जन आजन्म पाळावे लागते. प्रमेहात पथ्यकर मानलेला यव अशा रुग्णास अपथ्यच ठरतो, याचेही स्मरण ठेवावे.

गिरणीकडेही लक्ष हवे. गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेल्या बाजरीत गव्हाचे पीठ मिसळते. अशा रुग्णाचे दळण स्वतंत्र असावे.

औषधनिर्मात्यांसाठी

बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. असा हिंग हिंग्वष्टक चूर्णात पडला, तर पोटाच्या विकारावरील औषधच या रुग्णाला अपाय करील. शुद्ध हिंगच वापरावा आणि पुरवठादाराकडून घटकांची लेखी खात्री घ्यावी. अगस्त्य हरीतकी अवलेहात यव हा मूळ घटकच आहे. गोळ्यांच्या बंधनासाठी वापरलेला स्टार्च मक्याचा की गव्हाचा, हेही पाहावे. आपल्या देशातील अन्नविषयक नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. औषधांच्या बाबतीतही तोच काटेकोरपणा आपण राखावा.

रुग्णाने महिनोन्‌महिने बाजरीची भाकरी खाऊन पाळलेले पथ्य आपल्याच चूर्णाच्या चिमटीने मोडू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.