दुसऱ्यांदा सोडताना

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. ती तारीख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ठळक आहे. त्यांच्या आयुष्यातलं १९१७ हे वर्ष मात्र आपण सहसा सांगत नाही. त्या वर्षी टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली. वय पंचावन्न, नाव सर्वतोमुखी, पाळकाची दीक्षा मिळालेली, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन हाती. परधर्मात गेले म्हणून नातलग तुटले त्याला दोन तपं होत आली होती. नव्या समाजात आता कुठे मान, घर आणि दरमहाचा पगार, असं सगळं स्थिरस्थावर झालं होतं. तेच त्यांनी सोडलं, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्या दरबारात एका पंक्तीला बसावेत, अशी त्यांची कल्पना होती.

मला या दोन त्यागांपैकी दुसरा मोठा वाटतो. पहिल्या वेळी माणूस शोधाच्या भरात असतो. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने हातात ‘नवा करार’ ठेवला, तेव्हापासून टिळकांच्या मनाला चैन नव्हतं. जात, नाती, रोजगार हे सगळं त्या तळमळीपुढे फिकं पडलं. १९१७ साली तशी काही झपाटलेली अवस्था नव्हती. वीस-बावीस वर्षं आतून पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं, की परदेशी मिशनच्या पगारावर उभी असलेली मंडळी आपल्या पायांवर चालायला शिकत नाहीत, आणि येशू इथल्या माणसाला साहेबाचा देव वाटतो. हे निदान करून ते गप्प बसू शकले असते. आधी स्वतःचा पगार सोडून त्यांनी त्याची किंमत भरली. दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

शुभवर्तमानातला श्रीमंत तरुण चर्चमध्ये नेहमी सांगितला जातो. सगळं विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असं येशू त्याला म्हणतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. पण त्याच ग्रंथात जकातदार जक्कयही आहे. तो निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो, लुबाडलेल्यांना चौपट परत करायचं कबूल करतो, आणि येशू त्याच्या घरी आनंदाने उतरतो. उरलेलं निम्मं कुठे आहे म्हणून विचारत नाही. बेथानीच्या मार्था-मरियेला तर घर मोडायला कोणी सांगितलंच नाही, त्या घरात येशू विसाव्याला जात असे. पौलाने तंबू शिवायचा धंदा सोडला नाही. प्रत्येकाचं मन जिथे अडकलं आहे, बोट नेमकं तिथे ठेवलं जातं. तरुणाचं पैशात अडकलं होतं; टिळकांचं, मला वाटतं, मिळालेल्या प्रतिष्ठेत अडकण्याची भीती होती.

आपल्या किनाऱ्यावर या वाटेने गेलेले लोक टिळकांच्या तीनशे वर्षं आधीपासून आहेत. वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात व्यापार करत होता, जम चांगला बसला होता. तो सोडून त्याने मनिलाला फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला, तोही साधा बंधू म्हणून. जपानी भाषा येत असल्यामुळे मिशनरींचा दुभाषा म्हणून तो पुन्हा तिथेच गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. गोव्याचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये वेष पालटून सिलोनला पोहोचले, कारण डच सत्तेने तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. कँडीत हेर समजून त्यांना तुरुंगात टाकलं. १७११ मध्ये तिथेच देह ठेवीपर्यंत ते गोव्याला परतले नाहीत.

नीलकंठशास्त्री गोरे यांची गोष्ट मात्र हुतात्म्यांच्या गोष्टींसारखी सरळ रेषेत जात नाही. झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित पाद्र्यांशी वाद घालायला निघाले आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेमिया गोरे झाले. पांडित्याचा दरारा, काशीतलं स्थान, घर, सगळं गेलं. पत्नी लवकर वारली. लेक लक्ष्मी दुसऱ्यांच्या घरात आणि पुढे इंग्लंडमध्ये वाढली. गोऱ्यांनी उरलेलं आयुष्य फकिरासारखं काढलं, शंका आणि आत्मपरीक्षण यांनी स्वतःला सोलून काढत. त्यांच्या विरक्तीबद्दल मला आदर आहे. पण त्या मुलीचा विचार केला की हा आदर निर्भेळ राहत नाही. वडिलांनी जे सोडलं त्यात तीही होती, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

याच गोऱ्यांच्या लेखनाने पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेकडे वळताना आधार दिला. रमाबाईंकडे सोडायला उरलं होतंच काय, असं वाटेल. आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली, मग भाऊ गेला, पती बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच गेले. लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला पोहोचल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार हा त्यागाविषयी विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. भगिनींची अपेक्षा अशी, की बाईंनी आता स्वतःची बुद्धीही चर्चच्या स्वाधीन करावी. बाई ठाम नाही म्हणाल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. मांसाहारही त्यांनी केला नाही. देवाला सर्वस्व द्यायला ही बाई तयार होती. सद्सद्विवेक गहाण टाकायला नव्हती, कारण तो तिच्या दृष्टीने देवानेच दिलेला होता. समर्पणाच्या नावाखाली धर्मसंस्था माणसाकडून बरंच काही काढून घेतात. ते देवाने मागितलेलं असतंच असं नाही. रमाबाईंना हा फरक वयाच्या पंचविशीत कळला होता.

आणि तरीही त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवलं: ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. म्हणजे त्यांचीही दुसरी वेळ आली. ती आली तीही बाका प्रसंग घेऊन. मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलेलं शारदा सदन, बाईंचं विधवा-मुलींसाठीचं विद्यालय, नावारूपाला आलं होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारक पुण्यातला लौकिक गेला. तो परत मिळवण्यासाठी बाईंनी प्रार्थनेचं दार लावून घेतलं नाही.

लौकिकाचा भार उतरल्यावर त्यांनी काय केलं ते पाहायला केडगावला जावं लागतं. पुण्याहून दौंडच्या बाजूला रेल्वेच्या कडेची ही जमीन संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून घेतलेली. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायका घेऊन आल्या. स्वतःचे आई-वडील त्यांनी असेच भुकेने जाताना पाहिले होते. पुण्यात प्लेग पसरलेला, तेव्हा माळरानावरच निवारे उभे राहिले आणि ‘मुक्ती’ वसली. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. जगाचे पाश तोडलेल्या बाईच्या दारात शेकडो माणसांचा संसार येऊन पडला. तेल-मीठ, आजारपणं, भांडणं, सगळ्यासकट.

छापखान्याचं तर स्वतंत्र पुस्तक व्हावं. उतारवयात रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचं होतं. जुळारी मुक्तीतल्याच बायका होत्या. दुष्काळात सापडलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या कित्येकजणी तिथे खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला शिकल्या. काम चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था तिच्या हाती सोपवायची, हे आईने धरून ठेवलेलं होतं. आता तेही सोडायचं होतं. बाईंनी भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ साली. मुक्ती आजही चालू आहे.

सोडणाऱ्याच्या घरच्यांचं काय, हा गोऱ्यांच्या लेकीपाशी राहिलेला प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त जितका खरा मांडला तितका कोणी मांडलेला मला माहीत नाही. १८९५ मध्ये त्यागी टिळक होते आणि टाकली गेली ती लक्ष्मीबाई. काही वर्षं ताटातूट, नातलगांच्या घरचे दिवस, लहान मूल. पुढे नगरला आल्यावरही नवऱ्याची जात गेली म्हणून यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. टिळकांनी बळजबरी केली नाही, हे त्यांचं मोठेपण. सोवळं कोणाच्या सांगण्यावरून सुटलं नाही; जाती माणसाने केल्या, देवाने नाहीत, असं त्यांच्या मनानेच घेतलं तेव्हा सुटलं. मग १९०० साली बाप्तिस्मा. पहिल्या वेळी दुसऱ्याच्या निर्णयाने सर्वस्व गेलं होतं, दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतः सोडलं. त्यानंतर त्यांचं घर अनाथ मुलांना, परक्यांना, बालकवींसारख्या भणंग कवीला कायमचं उघडं राहिलं. ‘ख्रिस्तायन’चे मोजके अध्याय लिहून टिळक गेले, शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेलं महाकाव्य लिहून पुरं केलं.

टिळकांच्या मागे दरबाराचा विचार विझला नाही. त्यांचे इंग्रज चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. पुण्यातल्या त्यांच्या आश्रमात इंग्रज आणि देशी बंधू एकाच सतरंजीवर बसून जेवत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मगुरूचं व्रत घेऊन स्वतःसाठी काही ठेवलं नाही, पण वसईची हिरवळ, विहिरी आणि वाड्या वाचवण्यासाठी ‘हरित वसई’च्या लढ्यात धमक्या सोसून उभे राहिले. धर्मगुरूने जमिनीच्या भांडणात का पडावं, असं तेव्हा विचारणारे होते. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही, तोच त्या जमिनीसाठी निर्भयपणे बोलू शकत होता. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आलेला असताना, बिल्डरला नकार देऊन वाडी राखणाऱ्या कुटुंबांनी त्यांचं ऐकलं ते यामुळेच.