संग्रहालयातला रोहित आणि भिगवणचा रोहित : बघून चित्र कसं काढायचं?



एक छोटा प्रयोग करा. पुढे वाचण्याआधी वहीच्या मागच्या पानावर फ्लेमिंगोचं, म्हणजे रोहित पक्ष्याचं चित्र काढा. मोबाईल बघायचा नाही. काढलंत? आता त्याचे पाय बघा. पायाच्या मध्यावर एक गाठ काढली असेल आणि तिला तुम्ही 'गुडघा' म्हणत असाल. तो गुडघा मागच्या बाजूला वाकतो, याचं नवलही वाटलं असेल.

खरं सांगायचं तर तो गुडघा नाहीच! तो आहे पक्ष्याचा घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत लपलेला असतो. टाच उचलून चवड्यांवर उभे राहा, म्हणजे पटेल. पक्षी आयुष्यभर तसाच उभा असतो. बारामती-इंदापूरच्या मुलांनी भिगवणला रोहित कितीतरी वेळा पाहिलेला असतो, तरी पाय चुकतो. कारण आपण पाहतो, पण निरखत नाही. निरखायला शिकवणारा सगळ्यात स्वस्त मास्तर म्हणजे पेन्सिल.

संग्रहालयात चित्रं का काढायची?

जगातली अनेक निसर्ग-इतिहास संग्रहालये चित्र काढण्यासाठी खास दिवस ठेवतात. त्या दिवशी लहानथोर कुणीही यावं, आवडेल त्या प्राण्यासमोर बसावं आणि चित्र काढावं. बक्षीस नाही, नंबर नाही. ब्रिटनमध्ये २००० साली चित्रकलेच्या प्रसारासाठी अशी मोहीमच सुरू झाली. चित्र सुंदर यावं यापेक्षा माणसाने थांबून बघावं, हा तिचा हेतू.

आपल्याकडे असं बसून बघण्याजोगं ठिकाण म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते १९२२ साली लोकांसाठी खुलं झालं. त्यातला निसर्ग-इतिहास विभाग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मदतीने उभा राहिला. ही सोसायटी १८८३ साली मुंबईतल्या आठ जणांनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. या विभागात वाघ, गवा, धनेश यांच्याबरोबर आपला रोहितही आहे. काचेमागे त्यांचा अधिवासही उभा केलेला आहे : मागे रंगवलेला देखावा आणि पुढे प्राणी. अशा मांडणीला 'डायोरामा' म्हणतात.

काचेतल्या पक्ष्याचा मोठा फायदा म्हणजे तो उडून जात नाही. अर्धा तास बसा, बोटं मोजा, चोचीचा बाक बघा. रोहितची चोच मध्येच खाली का वळते? कारण तो डोकं उलटं करून, चोच पाण्यात बुडवून खातो. चोचीच्या आत चाळणीसारखी रचना असते. पाणी बाहेर जातं. शेवाळ आणि बारीक जीव आत राहतात. त्याचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. म्हणून पिल्लं गुलाबी नसतात, राखाडी असतात.

पण काचेवर आंधळा विश्वास नको

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात एक प्रसिद्ध वॉलरस आहे. वॉलरसच्या कातडीला सुरकुत्या असतात. पण ज्यांनी तो भरला त्यांनी जिवंत वॉलरस पाहिलाच नव्हता. ते भरत गेले, भरत गेले, आणि प्राणी फुग्यासारखा टम्म झाला! यातून धडा काय? संग्रहालयातला प्राणी माणसाने उभा केलेला असतो. त्याची उभं राहण्याची ढब माणसाने ठरवलेली असते आणि वर्षानुवर्षं उजेडात राहून रंगही फिका पडतो. हाडांचं माप तिथे शिकावं; चाल, झेप आणि रंग मात्र जिवंत पक्ष्याकडून.

आणि इथे आपण मुंबईकरांपेक्षा नशीबवान आहोत बरं का! भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी इंदापूर तालुक्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत पसरतं. हिवाळ्यानंतर पाणी ओसरू लागलं की उथळ दलदलीत रोहित उतरतात. भादलवाडीच्या तळ्याकाठच्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतो. आपलं संग्रहालय असं उघड्यावर आहे. त्याला तिकिटाची खिडकी नसली, तरी शिस्त मात्र हवी.

चित्र काढण्याच्या पायऱ्या

१. पहिली पाच मिनिटं पेन्सिल खाली. फक्त बघा.
२. हात लांब करून, पेन्सिल उभी धरून माप घ्या. पाय शरीराच्या किती पट? मान किती?
३. आधी मोठे आकार : शरीराचा अंडाकार, मानेची रेघ, पायांच्या रेघा. पिसं सगळ्यात शेवटी.
४. घोटा कुठे येतो तिथे खूण करा. तो गुडघा नाही, हे विसरू नका!
५. चित्राशेजारी तारीख, वेळ, ठिकाण, संख्या आणि पक्षी काय करत होता ते लिहा.
६. संग्रहालयात पेन्सिलच वापरा, काचेला टेकू नका. पाणथळीवर आरडाओरडा नको, थव्याच्या जवळ जायचं नाही.

पाचवी पायरी मुलं हमखास विसरतात, पण तीच सगळ्यात मोलाची. माळढोकचं उदाहरण घ्या. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याला त्याच्यामुळेच ओळख मिळाली, पण आता तो तिथे क्वचितच दिसतो. एखादा पक्षी कमी झाला हे कळायला आधी तो किती होता, कुठे होता याची नोंद लागते. तुमची तारीख घातलेली वही म्हणजे तशीच एक नोंद. मोबाईलवरून उतरवलेल्या चित्राला ती किंमत नाही, कारण तो पक्षी तुमच्या गावचा नसतो.

ग्रेड परीक्षेतलं वस्तुचित्रही याने सुधारेल, ती गोष्ट वेगळी.

स्वाध्याय : मागच्या पानावरचं पहिलं चित्र खोडू नका. प्रत्यक्ष बघून दुसरं काढा, दोन्ही शेजारी ठेवा आणि फरकाच्या पाच ओळी लिहा. रोहित दिसला नाही तर दारातली कोंबडी चालेल. तिचाही खरा गुडघा शोधून काढा बघू!