नावांची कुळकथा : लेखांक १९
नागनिका : नाणेघाटात कोरलेले नाव

गेल्या लेखांकात आपण ‘गार्गी’ हे नाव पाहिले. उपनिषदातून आलेले, पाठांतराने टिकलेले आणि अलीकडे मराठी घरांत पुन्हा रुजलेले ते नाव. आजचे नाव ना पुराणात आहे, ना व्रतकथेत, ना जात्यावरच्या ओवीत. ते सह्याद्रीच्या कातळात आहे. ते नाव म्हणजे नागनिका. महाराष्ट्रात ज्या स्त्रिया स्वतःच्या नावानिशी इतिहासात उभ्या आहेत, त्यांतल्या अगदी पहिल्या काहींमध्ये हिची गणना होते. तरीही शाळेच्या हजेरीपटावर हे नाव क्वचितच सापडते.

नाव सापडले ते ठिकाण

जुन्नरहून पश्चिमेला घाटघरकडे गेले की सह्याद्रीची कड लागते. तिथून खाली मुरबाडकडे उतरणारी वाट म्हणजे नाणेघाट. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने देशावर चढत असे. घाटाच्या माथ्याजवळ एक लेणे खोदलेले आहे. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे, तर मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. पुतळे नष्ट झाले. उरल्या त्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे.

ही नावे ओळीने वाचण्यासारखी आहेत. आधी घराण्याचा संस्थापक सिमुक सातवाहन येतो. त्यानंतर ‘देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी’ यांचा उल्लेख आहे. पुढे काही कुमार आहेत आणि त्यांच्यातच एक महारठी, म्हणजे स्थानिक सत्ताधारी, आहे. राणी आणि राजा यांचा उल्लेख एकाच ओळीत असून त्यात राणीचे नाव आधी, राजाचे नंतर आहे. नायनिका म्हणजेच आपली नागनिका.

हा काळ साधारणपणे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. लेणे आणि लेख नागनिकेनेच, पतीच्या निधनानंतर करवून घेतले असावेत, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. भिंतीवरच्या लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. मग राणीचे वर्णन येते: महारठीची कन्या, कुमार वेदिश्रीची माता, महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, यज्ञांची जाणकार. त्यापुढे राजसूय आणि अश्वमेधासह कितीतरी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, कुठे २४,४०० कार्षापण नाणी. हे आकडे अंकांत कोरलेले असल्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही नाणेघाटाला मानाचे स्थान आहे. जुन्नर भागात मिळालेल्या नाण्यांवरही सातकर्णीसोबत नागनिकेचे नाव वाचले गेले आहे.

अर्थ काय?

लेखात ‘नायनिका’ असे रूप आहे, मग आपण ‘नागनिका’ का म्हणतो? उत्तर प्राकृतच्या उच्चारात आहे. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘ग’ प्राकृतात हलका होतो आणि त्याच्या जागी ‘य’ ऐकू येऊ लागतो. ‘नाग’चा ‘नाय’ झाला तो असा. याच नियमाने ‘नगर’चे ‘नयर’ आणि पुढे ‘नेर’ झाले. संगमनेर, पारनेर, अमळनेर यांतले ‘नेर’ ते हेच. खुद्द जुन्नरचे नाव ‘जीर्णनगर’वरून आले आहे. म्हणजे राणीच्या नावाला जो बदल लागला, तोच तिच्या परिसरातल्या गावांच्या नावांनाही लागला. अभ्यासकांनी ‘नायनिका’वरून मूळ रूप ‘नागनिका’ निश्चित केले आणि मराठीत तेच रूढ झाले.

तेव्हा या नावाच्या पोटात ‘नाग’ हा शब्द आहे. संस्कृत-प्राकृतात नाग म्हणजे सर्प आणि नाग म्हणजे हत्तीही. शिवाय नाग हे एका प्राचीन कुळाचे नाव होते. राणी महारठीची मुलगी, म्हणजे स्थानिक सत्ताधारी घराण्यातली, आणि त्या थरात नागांशी नाते सांगणारी नावे वारंवार दिसतात. म्हणून ‘नागकुळाची कन्या’ हा अर्थ मला सर्वांत सयुक्तिक वाटतो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. हल्ली ‘नयनिका’ हे नाव बऱ्यापैकी ऐकू येते आणि त्याचा अर्थ ‘सुंदर डोळ्यांची’ असा सांगतात. ते ‘नयन’वरून आलेले वेगळे नाव आहे. नाणेघाटातल्या ‘नायनिका’मध्ये पहिले अक्षर दीर्घ आहे आणि तिचा डोळ्यांशी संबंध नाही.

‘-निका’ असलेल्या स्त्रिया

नावाचा उत्तरार्धही लक्ष देण्याजोगा आहे. मावळातल्या बेडसे लेण्यांत पाण्याच्या टाक्याजवळ एका दानाचा लेख आहे. दान देणारी महाभोजाची मुलगी आणि महारठीच्या घरची स्त्री आहे. तिचे नाव सामडिनिका. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत आणखी एका राजघराण्यातल्या दात्रीचे नाव येते, नागमूलनिका. नायनिका, सामडिनिका, नागमूलनिका अशी तिन्ही नावे शेजारी ठेवली की ध्यानात येते, ‘-निका’ हा त्या काळच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या थोरामोठ्यांच्या मुलींच्या नावांचा शेवट होता. आपण ज्या ‘अनिका’, ‘मोनिका’ या नावांना नवी म्हणतो, त्यांच्यासारखाच नाद इथे दोन हजार वर्षांपूर्वी घुमत होता.

सातवाहन काळाची आणखी एक खूण सांगतो. पुढचे राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईकडून आलेली नावे अभिमानाने मिरवतात. पण गौतमी, वासिष्ठी ही गोत्रावरून आलेली नावे आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचे स्वतःचे नाव बलश्री, हे आपल्याला नाशिकच्या लेण्यातल्या लेखामुळे कळते. नागनिका आणि बलश्री या दोघी कुणाची तरी पत्नी, कुणाची तरी माता आहेतच, पण त्याहून आधी स्वतःच्या नावाच्या आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्र शासनाने बाळाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले. या मातीला आईचे नाव लावण्याची ओळख किती जुनी आहे, ते सातवाहनांचे लेख सांगतात.

मग हे नाव मागे का पडले?

एखादे नाव चालते ते केवळ त्याच्या अर्थावर नाही. ते कोणत्या वाटेने घरात येते, यावर त्याचे आयुष्य ठरते. सावित्रीला वटपौर्णिमेने घरोघरी नेले आणि सावित्रीबाई फुले यांच्या कार्याने तिला नवे तेज दिले. रुक्मिणीला वारीने नेले, सीतेला ओव्यांनी आणि कीर्तनांनी. नागनिकेला असे कुणीच नेले नाही. ब्राह्मी लिपी वाचणारे संपले आणि भिंतीवरची अक्षरे कित्येक शतके मुकी झाली. घाटातून बैलांचे तांडे जात राहिले, पण या लेण्यात कुणाचे नाव आहे हे कुणालाच सांगता येईना. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी या लेखांकडे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन विद्वान ब्यूलर यांनी त्यांचा अर्थ लावला. म. म. वा. वि. मिराशी यांच्या ग्रंथामुळे सातवाहनांचे सारे कोरीव लेख मराठी वाचकाला आपल्या भाषेत मिळाले. एवढे होईपर्यंत नाव ठेवणाऱ्या आजी-आत्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या होत्या.

दुसरे कारण मनातल्या धास्तीचे आहे. मुलीच्या नावात ‘नाग’ कसा घ्यायचा, असे अनेकांना वाटते. पण आपण मुलांची नावे नागेश, नागनाथ अशी सहज ठेवतो. औंढ्याच्या नागनाथाला हात जोडतो, नागपंचमीला नागाला भाऊ मानून पुजतो. मग मुलीच्या बाबतीतच नाग परका का व्हावा? हा भेद सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते.

नाव ठेवायचे असेल तर

लिहिताना ‘नागनिका’ असेच लिहावे: पहिला ‘ना’ दीर्घ, ‘नि’ ऱ्हस्व. ‘नाग्निका’ किंवा ‘नागनीका’ नको. जन्मनोंदणीच्या वेळीच अक्षरे नीट तपासून घ्यावीत, नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. घरात हाक मारायला ‘निका’ छान आहे. जुन्या मराठीत ‘निका’ म्हणजे चांगला, निर्मळ. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना तो शब्द परका नाही. ज्यांना मूळ कोरलेले रूपच हवे असेल, त्यांनी ‘नायनिका’ ठेवावे. तेही तितकेच अस्सल आहे, फक्त ‘नयनिका’ होऊ देऊ नये.

माझे मत स्पष्ट आहे. हे नाव उच्चारायला सोपे आहे, अर्थाने भक्कम आहे आणि इथल्याच मातीचे आहे. परदेशी वाटणारी नावे शोधताना आपण यादीमागून यादी चाळतो, आणि घाटमाथ्यावर राजाच्या नावाआधी कोरलेले राणीचे नाव मात्र अनोळखी राहते. घरात मुलगी जन्मली असेल, तर बारशाच्या यादीत नागनिका हे नाव जरूर लिहा. आणि यंदा पावसाळ्यात नाणेघाटात जाल, तेव्हा धबधब्यापाशी छायाचित्रे काढून परतू नका. लेण्यात जा, मुलांना मागच्या भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे दाखवा आणि ती कुणाच्या नावाची आहेत ते सांगा. भिंतीला हात मात्र लावू नका. अक्षरे आधीच खूप झिजली आहेत.

(पुढील लेखांकात : बलश्री)