साधा सात, शून्य-शून्य-सात आणि मराठी ७

नवी पेठेतल्या एका कापडदुकानाचा चादरींचा साठा संगणकावर मांडणाऱ्या तरुण वाचकाचा प्रश्न आला आहे. जावास्क्रिप्टमध्ये चौकटी कंसात सात नुसता लिहा की अवतरणात, माल तोच सापडतो. मग अवतरणातल्या ००७ ला ‘अनडिफाइन्ड’ का?

कारण दुकानातल्या खणांसारखं आहे: प्रत्येकावर चिठ्ठी, आणि नोकर फक्त चिठ्ठी वाचतो. कंसात काहीही द्या, जावास्क्रिप्ट आधी त्याची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, करते आणि मग नेमकी तीच अक्षरं शोधते. अपवाद एकट्या सिम्बॉल या प्रकाराचा. अ‍ॅरेचा पहिला घटकसुद्धा ‘०’ याच नावाने नांदतो. १.५० या संख्येची चिठ्ठी ‘१.५’ होते, शेवटचं शून्य गळतं. अवतरणातलं ००७ मात्र आधीच स्ट्रिंग असल्याने तसंच राहतं. तो खण वेगळा, आणि रिकामा. (अवतरणाशिवाय शून्य-एक-शून्य लिहून पाहा. जुन्या नियमाने ते अष्टमान पद्धतीत वाचलं जातं आणि ‘८’ चिठ्ठीच्या खणाशी नेतं! स्ट्रिक्ट मोडमध्ये याला मनाई आहे.)

दोन ग्राहकांची साधी ऑब्जेक्ट्स ‘की’ म्हणून, म्हणजे खणाचं नाव म्हणून, दिलीत तर घोटाळा मोठा. दोघांचीही चिठ्ठी ‘[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]’, त्यामुळे दुसऱ्याची उधारी लिहिताच पहिल्याची पुसली जाते.

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत ही भाषा उभी केली, म्हणून सगळं खापर त्या घाईवर फोडायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. चिठ्ठीचा हा नियम एकच आहे आणि सगळीकडे तोच लागू होतो. दोष द्यायचाच तर गप्प बसण्याला द्यावा: खण सापडला नाही तरी भाषा ओरडत नाही.

आपल्याला खरा फटका बसतो तो देवनागरीत. जावास्क्रिप्टला मराठी वळणाने संख्या लिहायला सांगा, ती झोकात ‘७५०’ लिहून देते. तीच स्ट्रिंग परत देऊन संख्या मागा, तर उत्तर ‘नॅन’, म्हणजे ही संख्याच नव्हे! युनिकोडमध्ये इंग्रजी साताचा क्रमांक ५५, मराठी साताचा २४१३, आणि भाषेचं अंकव्याकरण फक्त इंग्रजी अंक ओळखतं.

तेव्हा शून्याने सुरू होणारे मालक्रमांक कायम अवतरणात ठेवा. ग्राहकांसाठी २०१५ च्या आवृत्तीत आलेला ‘मॅप’ वापरा, तो ‘की’ जशीच्या तशी जपतो. आणि मराठी अंक नोंद होतानाच इंग्रजी करून घ्या.