शर्यत क्षणांची, गर्दी दिवसभराची

पनवेल तालुक्यात कोठे बैलगाड्यांची शर्यत असली की पहाटेपासूनच टेंपो मैदानाच्या दिशेने वळू लागतात. टेंपोत बैल, बैलांभोवती गावची पोरे आणि मागून मोटारसायकलींची रांग. दुपारपर्यंत मैदानाच्या दोन्ही अंगांना माणसांची भिंत उभी राहते. गंमत अशी, की ज्या धावेसाठी ही माणसे उन्हात तिष्ठत असतात, ती धाव एक मिनिटही टिकत नाही. नाटक तीन तास चालते, क्रिकेटचा कसोटी सामना पाच दिवस चालतो. त्यांना गर्दी झाली तर ते समजण्यासारखे आहे. पण पापणी लवते न लवते तोच संपणाऱ्या खेळासाठी माणूस सबंध दिवस का घालवतो? आज आपण या प्रश्नाचा थोडा विचार करू.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. महाराष्ट्रात या शर्यतीचे प्रकार अनेक आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत ती चढाच्या घाटात होते. तेथे प्रत्येक गाडा एकटाच पळतो आणि त्याची गाठ घड्याळाशी असते. सातारा-सांगलीकडे अनेक छकडे एकदम सुटतात व गटातून निवड होत होत अंतिम फेरी गाठली जाते. विदर्भात याच हौसेला शंकरपट म्हणतात. आपल्या ठाणे-रायगडकडे मात्र ‘बिनजोड’ अधिक लोकप्रिय आहे. त्यात दोनच छकडे शेजारीशेजारी उभे राहतात, झेंडा पडतो, आणि जो आधी रेघ ओलांडील त्याच्या अंगावर गुलाल पडतो.

आता सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत मोटारींची ‘ड्रॅग रेस’ नावाची शर्यत आहे. तीत वळण नाही, फेरे नाहीत. दोन मोटारी, सरळ रस्ता, आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन करून रस्त्यावरच्या या पोरखेळाला नियमांच्या चौकटीत आणले. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड गावी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तेथील सर्वांत वेगवान मोटारी आज हजार फूट अंतर चार सेकंदांच्या आत कापतात आणि ताशी पाचशे किलोमीटरहून अधिक वेग गाठतात. आपल्या बिनजोडीशी हिचे नाते किती जवळचे आहे, हे निराळे सांगावयास नको. झेंड्याच्या जागी तेथे १९६३ पासून रंगीत दिव्यांचा खांब आला, एवढाच काय तो फरक! आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर मोटारींच्या अशा धावा झालेल्या आहेत.

या दोन्ही खेळांकडे प्रेक्षक ओढला जातो त्याची कारणे सारखीच आहेत. पहिले कारण, निकाल समजण्यास विद्वत्ता लागत नाही. आजोबा आणि नातू दोघांनाही कोण पुढे गेले ते एकदमच दिसते. तरीही जाणत्यासाठी खोल पाणी आहेच. मोटारीच्या शर्यतीत दिवा लागल्यावर निघण्यास लागलेला वेळ आणि प्रत्यक्ष धावेचा वेळ निराळे मोजतात. म्हणून कधी कधी अधिक वेगाने धावलेली मोटारसुद्धा केवळ उशिरा निघाली म्हणून हरते. आपल्याकडेही जाणता माणूस बैल सुटतो कसा, हे आधी पाहतो.

दुसरे कारण, दोन धावांमधला वेळ. धाव क्षणाची असते, परंतु तिच्या आधीची चर्चा तासाची. कोणत्या बैलाशी कोणता बैल जुंपावा, मागच्या वेळी कोण हरला, आज कोणाचा गुलाल, यांवर शेंगा सोलता सोलता वाद रंगतात. निवेदकाचा आवाज त्या वादाला फोडणी देतो. खरे पाहता प्रेक्षक धाव पाहावयास जातो तसा हे बोलणे करावयासही जातो.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे जवळीक. अमेरिकेतील या स्पर्धांत तिकीट काढलेल्या कोणासही मोटारी जुळवण्याच्या जागी जाता येते. यंत्रज्ञ इंजिन उघडून बसलेले, त्यांच्याशी दोन शब्द बोलता येतात, इंधनाच्या धुराने डोळे चुरचुरतात. आपल्याकडे तर बैल झाडाखाली बांधलेलाच असतो. त्याच्या पाठीवरून हात फिरवता येतो. ‘बकासुर’, ‘मथुर’ ही बैलांची नावे एखाद्या नटासारखी जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली, ती यामुळेच. मालकही लोकांना ओळखीचे होतात. पनवेलजवळच्या विहीघरचे पंढरीनाथ फडके २०२४ साली वारले. अंगावरील सोन्यामुळे आणि शर्यतीच्या नादामुळे त्यांना पाहावयासही माणसे जमत असत.

परंतु श्रोतेहो, ज्या जवळिकीने हा खेळ गोड केला, तीच त्याला नडणारीही आहे. गर्दी रेघेवर सरकते, धावपट्टी अरुंद होते, आणि उधळलेल्या बैलाला माणूस व कुंपण यांतला भेद कळत नाही. रेघ ओलांडली म्हणजे बैल थांबतो असे नाही. थांबावयास मोकळे रान लागते. अमेरिकेत २००८ साली स्कॉट कॅलिटा हा चालक मोटार न थांबल्याने मृत्यू पावला, आणि तेथील संस्थेने सर्वांत वेगवान मोटारींचे अंतर पाव मैलावरून हजार फुटांवर आणले. तमाशा थोडा लहान झाला, थांबण्याची जागा वाढली. लोकांनी मात्र पाठ फिरवली नाही.

दुसरा प्रश्न मुक्या जिवाचा. बैलांना होणाऱ्या क्रूरतेमुळे सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अंतर हजार मीटरच्या आत ठेवावे लागते, आणि बैलाला काठी-चाबूक लावता येत नाही. म्हणजे परवानगी मिळाली आहे ती अटींवर. अटी मोडल्या तर पुन्हा दार बंद होण्यास वेळ लागणार नाही.

या अटी पाळल्या जातात की नाही, हे पोलीस आणि पंच पाहतील, असे आपण म्हणतो. पण मैदानात पोलीस थोडे आणि प्रेक्षक पुष्कळ. शेपटी पिरगाळणाऱ्याला गर्दीने टाळ्या दिल्या तर तो पुढच्या खेपेस तेच करील. त्याच गर्दीने त्याला गप्प बसवले आणि आपल्या उमेदीने पळणाऱ्या बैलाचे कौतुक केले, तर मालकही तसाच बैल घडवील. नटाला प्रेक्षक घडवतो, हे आपण नाटकाविषयी नेहमी म्हणतो. शर्यतीविषयीही ते तितकेच खरे आहे.

तेव्हा यापुढे आपल्यापैकी कोणी शर्यतीस गेला, तर त्याने जरूर जावे, बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा, मनसोक्त वाद घालावा. मात्र झेंडा वर जाताच दहा पावले मागे सरावे. तेवढ्या दहा पावलांनी दिसणे काही कमी होत नाही, आणि हा खेळ आपल्या नातवंडांना पाहावयास मिळेल की नाही, हे पुष्कळसे त्या दहा पावलांवरच अवलंबून आहे.