जुनी फायबर बोट पुन्हा दर्यात कशी उतरते? रंगाच्या आत काय दडलंय ते समजून घ्या

तुमच्या हातातला स्मार्टफोन आणि मालवण-तारकर्लीच्या समुद्रात सुसाट पळणारी स्पीडबोट, या दोघांत साम्य काय, सांगा बघू? दोघांच्याही आत काचेचे धागे आहेत! फोनचा मदरबोर्ड ज्या हिरव्या-काळ्या पाटीवर बनलेला असतो, ती बहुतेक वेळा काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी रेझिन यांची असते. स्पीडबोटीची बॉडीसुद्धा काचेचे धागे आणि रेझिन यांचीच. फरक फक्त जाडीचा आणि कामाचा.

आज आपण पाहणार आहोत की किनाऱ्यावर पडून राहिलेली जुनी फायबर बोट पुन्हा पाण्यात जाण्यालायक कशी करतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या मामांनी एक जुनी १७ फुटी बोट विकत घेतली. तिला नवीन इंजिन लावून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचा त्यांचा बेत होता. त्या बोटीच्या कामात मी पहिल्या दिवसापासून होतो, त्यामुळे इथे लिहिलेलं बरंचसं अंगाला खाज सुटेपर्यंत अनुभवलेलं आहे. चला तर मग, सुरू करूया.

फायबर म्हणजे नेमकं काय?

आपण ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतो, त्यात दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे काचेचे केसापेक्षाही बारीक धागे. ते ताण सहन करतात. दुसरी म्हणजे रेझिन, म्हणजे सुरुवातीला पातळ आणि नंतर दगडासारखं घट्ट होणारं रसायन. ते धाग्यांना जागेवर धरून ठेवतं. सिमेंट आणि लोखंडी सळ्यांची जोडी आठवा, तसंच हे. सर्वात बाहेर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा चकचकीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात.

रेझिन एकदा घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही, अगदी तसं! म्हणूनच जुनी फायबर बोट वितळवून नवीन वस्तू बनवता येत नाही. एकतर ती दुरुस्त करायची, नाहीतर ती कचरा म्हणून किनाऱ्यावर वर्षानुवर्षं पडून राहते.

फायबर सडत नाही, मग बोट खराब का होते?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. फायबर सडत नाही हे खरं. पण बहुतेक जुन्या स्पीडबोटींच्या आत लाकूड असतं, आणि ते सडतं. हे लाकूड मुख्यतः तीन ठिकाणी असतं:

• ट्रान्सम: बोटीची मागची उभी भिंत. इंजिन हिच्यावरच टांगलेलं असतं. हिच्या पोटात प्लायवूड असतं.
• स्ट्रिंजर: तळाच्या आतून पुढून मागे जाणारे लांब आधार. घराच्या छताला जसे वासे, तसे तळाला स्ट्रिंजर.
• फ्लोअर: आपण ज्यावर उभे राहतो तो पाट.

आता विचार करा, ४० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन साधारण ९० ते १०० किलोचं असतं. ते नुसतं लटकत नाही, तर अख्ख्या बोटीला ढकलतं आणि प्रत्येक लाटेवर हिसका देतं. आतलं प्लायवूड कुजलेलं असेल तर हा सगळा भार फायबरच्या दोन पातळ पापुद्र्यांवर येतो. भर समुद्रात ट्रान्सम फाटला तर इंजिन जातंच, शिवाय मागून पाणी आत येतं. बोटीत माणसं असतात, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गंमत म्हणजे लाकूड कुजवायला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त कारणीभूत ठरतं. कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. कोकणातल्या पावसात ताडपत्रीशिवाय पडलेली बोट ही वापरातल्या बोटीपेक्षा लवकर कुजते, ती यामुळेच. स्क्रूच्या एखाद्या भोकातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते.

बोट तपासायची कशी?

मामांची बोट बाहेरून एकदम टकाटक होती. नुकताच निळा रंग मारलेला. पण मामा म्हणाले, "वरसून बरी दिसता, पण भितर काय आसा ता बघ आधी." आम्ही या चार गोष्टी केल्या, तुम्हीही करू शकता:

१. ठोकून ऐका. स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा प्लास्टिकचा हातोडा घ्या आणि वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. आत लाकूड कुजलेलं असेल किंवा थर सुटले असतील तर बद्द आवाज येतो. बद्द जागांवर खडूने खूण करा.

२. इंजिन हलवून बघा. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली करा. ट्रान्सम जरासुद्धा वाकताना दिसला तर समजायचं काय ते!

३. आतून बारीक भोक पाडा. ६ मिमीच्या ड्रिलने फक्त आतल्या बाजूने, ट्रान्समला आरपार न जाता. बाहेर येणारा भुसा फिका आणि कोरडा असेल तर उत्तम. काळा, ओला लगदा आला तर लाकूड गेलं. आमच्या बोटीत वरच्या भोकांतून कोरडा भुसा आला, पण खाली पाणी काढायच्या बुचाजवळ चक्क काळा चिखल आला.

४. फोनचा कॅमेरा आत घाला. फोनला जोडायचा वायरवाला एंडोस्कोप कॅमेरा काही शे रुपयांत मिळतो. फ्लोअरच्या खाली, जिथे हात पोचत नाही तिथे तो झकास काम करतो. आम्हाला एका स्ट्रिंजरच्या मुळाशी पाणी साचलेलं यातच दिसलं.

हे सगळं बोट विकत घेण्याआधी करायचं असतं. मामांनी तपासणीनंतरच भाव ठरवला, आणि तो बराच खाली आला.

कापण्याआधी आकार धरून ठेवा

फ्लोअर आणि स्ट्रिंजर काढले की बोटीचा तळ लवचिक होतो. मग ती दोन टायरांवर ठेवलेली असेल तर तळाला पोक येतो, आणि तसाच नवीन स्ट्रिंजर बसवला तर तो पोक कायमचा! वेगात पळणाऱ्या बोटीला तळ सरळ लागतो, नाहीतर ती नाक खुपसते किंवा उड्या मारते.

म्हणून बोटीखाली जागोजागी लाकडी आधार द्यायचे, तळाच्या आकाराला घट्ट बसतील असे. पुढून मागे दोरी ताणून सरळपणा बघायचा. स्ट्रिंजर एका वेळी एकच बदलायचा. आणि कापायच्या आधी प्रत्येक भागाचे टेपसकट फोटो काढून ठेवायचे. आमच्याकडे असे दोनशेच्या वर फोटो झाले, आणि नवीन तुकडे कापताना तेच नकाशा म्हणून वापरले.

रेझिन कुठलं घ्यायचं?

दुकानात मुख्यतः दोन पर्याय दिसतील.

पॉलिस्टर रेझिन स्वस्त असतं आणि बहुतेक जुन्या बोटी त्याच्याच असतात. त्यात वजनाच्या साधारण १ ते २ टक्के हार्डनर घालतात, म्हणजे १ किलोला १० ते २० ग्रॅम. ऊन जास्त असेल तर हार्डनर कमी. पॉलिस्टरच घ्यायचं असेल तर साध्या जनरल पर्पजपेक्षा आयसोफ्थॅलिक घ्या, ते पाण्यात जास्त टिकतं.

इपॉक्सी महाग असतं, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला ते खूप घट्ट चिकटतं. इथे कंपनीने दिलेलं प्रमाण काटेकोर पाळायचं. "थोडा जास्त हार्डनर टाकू, लवकर सुकेल" हे इपॉक्सीत अजिबात चालत नाही. जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि काम मऊ पडतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी बेस्ट.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. चुरमुऱ्याच्या चिक्कीसारखे तुकडे चिकटवलेली जी साधी मॅट मिळते, तिचा चिकटा पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, म्हणून ती मॅट नीट भिजत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं काचेचं कापड वापरा. आम्ही ट्रान्सम आणि स्ट्रिंजरसाठी इपॉक्सीच घेतलं.

ट्रान्सम आणि स्ट्रिंजर बसवताना

आतला फायबरचा थर कापून कुजलेलं लाकूड छिन्नीने पूर्ण काढायचं, चांगलं लाकूड लागेपर्यंत नाही, तर सगळंच. नवीन प्लायवूड आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेडचं घ्यायचं. बसवण्याआधी त्याच्या सगळ्या कडांना रेझिन पाजायचं, कारण प्लायवूड पाणी पितं ते कडेनेच.

मग घट्ट केलेल्या रेझिनच्या पुट्टीत ते दाबून बसवायचं, मध्ये हवा राहता कामा नये. कोपऱ्यात पुट्टीची गोलाई द्यायची, कारण काचेचं कापड काटकोनात नीट वळत नाही आणि तिथे पोकळी राहते. त्यावर कापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद.

जोडाची ताकद कशात असते? घासण्यात! जुनं फायबर आणि नवीन थर एकजीव होत नाहीत, नवीन थर जुन्याला फक्त चिकटतो. म्हणून जुना पृष्ठभाग आधी ॲसिटोनने पुसायचा, मग खरखरीत पेपरने मंद होईपर्यंत घासायचा. भगदाड बुजवायचं असेल तर कडा उतरत्या करायच्या, जाडीच्या १२ पट. म्हणजे ५ मिमी जाडीला चारी बाजूंनी ६० मिमीचा उतार. नुसता वर तुकडा चिकटवला तर तो पुढेमागे सुटणारच.

इंजिनाच्या बोल्टसाठी भोक थेट पाडायचं नाही. आधी मोठं भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरायचं, ते वाळल्यावर मधोमध हवं ते भोक पाडायचं. असं केलं की बोल्टजवळून पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

काम कधी करायचं?

पावसाळ्यात बोटी बंद असतात. मासेमारीवरही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्यामुळे वाटतं की हीच वेळ बरी. पण दमट हवेत लाकूड वाळत नाही आणि रेझिनचा जोड कच्चा राहतो. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात चांगला. धंद्याचा सीझनही तोच असतो, हीच खरी पंचाईत. मामांनी अख्खा एक सीझन सोडला.

हे मात्र विसरू नका

• पॉलिस्टरमध्ये वापरायचं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, हार्डनर नंतर.
• हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल हवाच.
• धुळीचा मास्क फक्त धूळ अडवतो. रेझिनच्या वाफेसाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो.
• डब्यात उरलेलं रेझिन तापतं, त्यातून धूरही निघू शकतो. ते पसरट भांड्यात ओतून उघड्यावर ठेवा.
• प्रवासी न्यायचे असतील तर दुरुस्तीनंतर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या नियमांप्रमाणे तपासणी आणि नोंदणी करूनच बोट पाण्यात उतरवा.

थोडक्यात सांगायचं तर

जुन्या बोटीचा रंग बघून तिची किंमत ठरवू नका. रंग दोन दिवसांत होतो. आमच्या कामात रंगाला लागला एक आठवडा, आणि आतल्या लाकडाला तीन महिने. त्या तीन महिन्यांचं काम आता कुणालाच दिसत नाही, पण मागे टांगलेल्या इंजिनाचा हिसका तेच झेलतंय. तेव्हा पुढच्या वेळी स्पीडबोटीत बसाल तेव्हा लाइफ जॅकेट घाला, आणि ट्रान्समकडे एकदा नजर टाका. इंजिनाच्या बोल्टभोवती तडे दिसले, किंवा तिथून तपकिरी पाणी ओघळताना दिसलं, तर दुसरी बोट बघा.